पीटीच्या सरांनी लिहिलेला क्लास

बेळगावातल्या अनगोळच्या एका शाळेत यल्लाप्पा सर सव्वीस वर्षं पीटी शिकवत होते. खो-खोत त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध म्हणजे पावसाळ्यात खेळाच्या मॅटी कॉम्प्युटरच्या खोलीत वाळत घालणं, एवढाच.

ऑगस्टात कॉम्प्युटरचे सर पुण्याला नोकरी लागली म्हणून निघून गेले. हेडसरांनी टाइमटेबल पुढ्यात घेतलं, बोट फिरवत फिरवत यल्लाप्पा सरांवर आणून टेकवलं. पीटीचे तास तसे रिकामेच असतात, असं हेडसरांचं जुनं मत. नववीला पायथॉनचं प्रोग्रॅमिंग होतं. सूचना कन्नडात आलेली, पुस्तक इंग्रजीत, शिकवायचं मराठीत. तेव्हा चूक झालीच तर ती कुठल्या भाषेत झाली हे कुणाला कळायचं नाही, असा धीरही त्यांनी दिला.

सरांची थोरली मुलगी सौम्या मच्छेच्या एका कारखान्यात ऑफिसात होती. रविवारी तिनं आप्पांना लॅपटॉपसमोर बसवलं. पुस्तकात मोटारीचं उदाहरण होतं. सरांचं मोटारीत मन रमेना. मग सौम्यानं खेळाडू घेतला. खेळाडूला नाव असतं, नंबर असतो, तो पळतो. हे एकदाच लिहून ठेवायचं, तो क्लास. त्यावरनं भरमू नावाचा खेळाडू केला की तो ऑब्जेक्ट. आणि पळणं ही मेथड.

सरांना हे पटलं. दोन बोटांनी टाइप करत त्यांनी क्लास लिहिला, आत पळायची मेथड लिहिली आणि भरमूला पळायला सांगितलं. भरमू जागचा हलला नाही. लाल अक्षरं मात्र आली. मेथडला काहीच द्यायचं नव्हतं आणि एक दिलंय, अशी तक्रार.

"मी कंसात कायबी दिलं न्हाय गं," सर म्हणाले. "मग ह्यो एक आला कुठनं?"

"भरमू स्वतःच आलाय की, आप्पा. पळणारा कोण, ते मेथडला कळाय नको? त्याला घ्यायला तिथं सेल्फ लिहा."

सरांनी लिहिलं. भरमू पळाला. सर उठून घरातल्या घरात दोन फेऱ्या मारून आले.

शाळेत बारा कॉम्प्युटर होते, चालू तीन. सरांनी पोरांच्या टोळ्या पाडल्या, कुणी लिहायचं, कुणी वाचायचं, कुणी चूक धरायची. दिवाळीपर्यंत शेवटच्या बाकावरची करिष्मासुद्धा स्वतःच्या नावाचा ऑब्जेक्ट करून त्याला पळवू लागली.

जानेवारीत तपासणी आली. हेडसरांनी हुशार ओमकारकडून क्लासची इंग्रजी व्याख्या आठवडाभर घोकून घेतली होती. साहेब आले ते नेमके करिष्माशेजारी उभे राहिले. तिनं क्लास लिहून चालवून दाखवला आणि कसा चालतो ते मराठीत सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि व्याख्या विचारली. करिष्मानं क्लास पुन्हा एकदा चालवून दाखवला. हेडसरांनी ओमकारला पुढं ढकललं. त्यानं एका दमात व्याख्या म्हटली, मधला एक शब्द गिळला, तेही साहेबांना कळलं नाही. साहेब प्रसन्न झाले. कॉम्प्युटर विषय उत्तम, असा शेरा लिहिला. जाता जाता खिडकीतून मैदान दिसलं. गुडघाभर गवत.

पंधरा दिवसांनी सरांना पाकीट आलं. त्यात उत्कृष्ट अध्यापनाबद्दल अभिनंदन होतं आणि पीटीचे तास न घेतल्याबद्दल मेमो होता. दोन्हींवर सही एकच.

जूनमध्ये कॉम्प्युटरच्या नव्या मॅडम रुजू झाल्या, स्वरूपा नावाच्या, एमसीए झालेल्या. हेडसरांनी तपासणीचा शेरा पाहिला. कॉम्प्युटर उत्तम चाललंय, त्याला हात लावायला नको. कमी पडतंय ते पीटी. त्यांनी मॅडमना पीटी दिली.

पहिल्या दिवशी मॅडम इस्त्रीच्या साडीत गवतात उभ्या होत्या आणि पोरं त्यांच्याभोवती जमेल तशी पळत होती. सरांना ते लॅबच्या खिडकीतून बघवेना. ते खाली गेले.

"मॅडम, तुम्ही वर जावा," ते म्हणाले. "हितलं मी बघतो."

कागदावर टाइमटेबल होतं तसंच राहिलं. सह्या टाइमटेबलप्रमाणं होत गेल्या. दोन्हीकडं सुधारणा दिसू लागली, तेव्हा आपण लावलेलं टाइमटेबल लागू पडलं, असं हेडसरांनी स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं. यल्लाप्पा सरांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर मात्र ते लॅबमध्ये मॅडमसमोर करिष्माच्या बाकावर जाऊन बसतात. मॅडमनी इनहेरिटन्सचा, म्हणजे एका क्लासचा वारसा दुसऱ्याला देण्याचा, धडा काढलाय, आणि सरांना तो अजून नीटसा उमगलेला नाही.