मयूरातला तारा आणि पपईच्या बरण्या

एल्कीच्या खोऱ्यात रोसामेल आरायाला सगळे ‘दोनदा’ म्हणत, कारण हा गृहस्थ प्रत्येक गोष्ट दोनदा बघायचा. फाटकाला कुलूप लावून दहा पावलं गेला की परत. गॅसची कळ, खुराड्याची कडी, सगळं दोनदा. गुत्त्यावर त्याचा दोस्त लुचो हटकून विचारायचा, “काय रे दोनदा, पँटची गुंडी बघितलीस का?” सगळे खिदळायचे. तोही हसायचा. स्वतःच्या या खोडीचा त्याला मनापासून कंटाळा आला होता.

खोड जन्मजात नव्हती. चोवीस वर्षांपूर्वी तो डोंगरावरच्या वेधशाळेत मोठ्या दुर्बिणीवर होता. तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे जुलैच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, एका परदेशी साहेबासाठी, मयूर तारकासमूहातल्या एका मिणमिणत्या ताऱ्यावर त्याने चार तास डोळा लावला. तारा इतका अंधुक, की त्याचा प्रकाश रंगारंगांत फोडून त्यातल्या रेषा फोटोच्या काचेवर उतरवायला तेवढा वेळ लागे. पायाची बोटं बधिर झाली, पण तारा त्याने उपकरणाच्या फटीबाहेर जाऊ दिला नाही. सकाळी काच धुतली, तर रेषा फिसकटलेल्या! अशा म्हाताऱ्या, अवाढव्य ताऱ्याच्या रेषा केसासारख्या बारीक यायला हव्यात, कारण असले तारे स्वतःभोवती फिरतात तेही रमतगमत. साहेब भडकला. दुर्बिणीला जोडलेल्या त्या उपकरणाची पकड सैल होती, मध्येच ते घसरलं, म्हणाला.

“घट्ट केली होती, साहेब.”

“मग काय ताऱ्याने खोडी काढली?”

रोसामेलच्या घरी दोन लहान मुली होत्या. नोंदवहीत त्याने लिहिलं, ‘पकड सैल राहिली, चूक माझी’, आणि खाली सही ठोकली. नोकरी वाचली. दुर्बीण मात्र गेली, वाट्याला वेधशाळेच्या फाटकाची राखण आली. वाईट एवढंच, की हळूहळू त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. त्या रात्री हात पकडीवरून फिरला होता की नाही, हे तो पुन्हा पुन्हा आठवून बघे, आणि दर वेळी ती आठवण आणखी पुसट होई.

निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. दुपारच्या उन्हात वेधशाळेतली खगोलशास्त्रज्ञ मिलाराय फाटकाशी आली. तिच्या काखेत ती जुनी नोंदवही होती.

“रोसामेलकाका, ही सही तुमची?”

“माझीच. आता तरी सोडा ना, डॉक्टर. दमलो मी.”

“तोच तारा मी या महिन्यात तीनदा बघितला, नव्या यंत्रावर. तिन्ही वेळा रेषा फिसकटलेल्याच.”

“म्हणजे तुमचीपण पकड...”

“पकडीचं काही नाही हो! तारा भिंगरीसारखा गरगरतोय. बहुतेक शेजारचा तारा गिळून बसलाय, त्यातून हा वेग आला असणार. एवढ्या वेगात रेषा पसरणारच. तुमची काच अगदी बरोबर होती.”

रोसामेल स्टुलावर बसला. “मग इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही?”

तिने वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. “तुम्ही चूक कबूल केलीत ना. खराब काच म्हणून ती बाजूला पडली. पुन्हा कोण कशाला बघतंय?”

खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता. आला तो राग, आणि तोही थकलेला. साहेब कधीच वारला होता आणि सही तर स्वतःची. भांडायचं कुणाशी? तिने पेन पुढे केलं. जुन्या ओळीखाली त्याने लिहिलं, ‘पकड घट्ट होती’. संध्याकाळी फाटकाला कुलूप लावून तो निघाला, दहा पावलांवर थांबला आणि परत जाऊन कुलूप ओढून आला.

घरी त्याची बायको ओर्तेन्सिया चहाची मांडामांड करत होती. त्याने सगळं सांगितलं.

“त्यात नवीन काय?” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून तू झाकण लावलेली पाकातल्या पपईची एक बरणी मला उघडता आलेली नाही. तो माणूस पकड सैल ठेवेल होय?”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

“बोलले होते, म्हाताऱ्या. हेच, याच टेबलाशी. तू म्हणालास, साहेबाला जास्त कळतं.”

त्याला आठवलं. अगदी तसंच म्हणाला होता तो. चोवीस वर्षं त्याने साहेबाचं ऐकलं होतं, तिचं नाही. तोंड वर करून तिच्याकडे बघायची त्याला लाज वाटली. तिने पपईची बरणी त्याच्यापुढे सरकवली. त्याने स्वतःच लावलेल्या झाकणाला हात घातला, आणि बराच वेळ ते त्यालाही उघडेना.