आत्याचा मान आणि कपाटातला सर्व्हर

मुलगी जेमतेम आठवड्याची असताना फोन कंपनीच्या बाईनं मला विचारलं होतं, "पण सर, घरात सर्व्हर हवा कशाला कुणाला?" ब्रॉडबँड त्याच कंपनीचं होतं. त्या प्रश्नाचा राग मला आजही येतो. 'कुणाला' म्हणजे काय? मला हवा होता. माझ्या बहिणीला हवा होता.

गोष्ट साधी होती. आम्ही अमेरिकेत कॅरी नावाच्या गावात, बहीण बार्शीत. बारशाला आत्या हवी म्हणून तिच्या व्हिसाचा अर्ज आम्ही वेळेत केला होता. ती मुंबईला जाऊन रांगेत उभी राहिली. खिडकीपलीकडच्या माणसानं दोन प्रश्न विचारले आणि नाही म्हणून सांगितलं. हिच्या नावावर घर नाही, हिला नोकरी नाही, म्हणजे ही परत येणार नाही, असा त्याचा तर्क. माझी बहीण! सोलापूरला मुक्काम पडला तरी जिचा जीव दारच्या म्हशीत अडकलेला असतो, ती अमेरिकेत लपून राहणार!

इथल्या बायका मनानं चांगल्या. म्हणाल्या, "अरे, महाराष्ट्र मंडळातली कुणीही आत्या होईल. इथे सगळे असंच करतात." मी ते बहिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "दादा, तू शिकावास म्हणून मी दहावीनंतर घरी बसले. तेव्हा कुणी बदली बहीण आणली होती का? नाव मीच ठेवणार. आणि पाळणा बघून ठेवणार. आंधळ्यासारखं नुसतं फोनात बोलून नाही."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील अडत बाजारात हमाल. इंजिनीअरिंगची पुस्तकं आमच्याकडे आधी आली, ती ठेवायला टेबल नंतर आलं. जे शिकलो ते या कामाला आलं नसतं तर त्या शिक्षणाला काय चाटायचं होतं?

ऑफिसनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी विचारून घरी आणला होता. त्यावर लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकली, टॉवेलांच्या कपाटात त्याला जागा केली आणि लांब वायर ओढून पाळण्यासमोर वेबकॅम लावला. पाळण्याचा ताजा फोटो सारखा एका पानावर येत राहायचा. बहिणीनं सायबर कॅफेत ते पान उघडायचं, आवाज फोनवरून. मेसेंजरवर व्हिडिओ दाखवता आला असता, पण कॅफेवाला त्याच्या मशीनवर काही टाकू देईना. साधं पान कुठूनही उघडतं, आणि असं पान पुरवणारं मशीन म्हणजेच सर्व्हर.

अडचण दारांची होती. राउटर म्हणजे वॉचमन. आतल्याला बाहेर सोडतो, बाहेरून आलेल्याला परत पाठवतो. त्याला सांगून ठेवावं लागतं की या दारावर टकटक झाली तर पाहुण्याला कपाटातल्या मशीनकडे पाठव. तेही केलं. पान घरात दिसलं, ऑफिसातून दिसेना. वेब पानांचं जे नेहमीचं दार, ते कंपनीनं आपल्या बाजूनं बंद करून ठेवलेलं. म्हणून तो फोन.

"घरगुती ग्राहकांना सर्व्हर चालवता येत नाही, सर. बिझनेस प्लॅन घ्या."

"बिझनेस कसला? माझ्या मुलीची नेमिंग सेरेमनी आहे."

"हाउ नाइस!" ती म्हणाली, आणि मग तो प्रश्न.

मी म्हटलं, निदान नंबर तरी पक्का द्या. इंटरनेटवर घराला एक नंबर असतो, पत्त्यासारखा. घरगुती गिऱ्हाइकाचा हा नंबर कंपनी कधीही बदलते. "पक्का नंबर फक्त बिझनेसला, सर."

कंपनीच्या जाहिराती डोळ्यांसमोर आल्या. खाली येणारी लाइन हमरस्त्यासारखी, वर जाणारी बोळासारखी. तुम्ही बघा, ऐका, विकत घ्या. तुमच्याही घरात दुसऱ्याला दाखवण्यासारखं काही असेल, हे त्यांच्या गावीच नाही. मला हे नवीन नव्हतं. वडिलांना अडत्याच्या पेढीवर पोती आत न्यायला दार उघडं असायचं, टेकायला नाही.

कंपनीनं बंद न केलेलं एक आडदार मी शोधलं आणि वॉचमनला ते सांगितलं. पान ऑफिसातून दिसलं, बार्शीतूनही दिसलं. मंडळातले एक काका काकूंना घेऊन चहाला आले होते. तीन पिढ्या इंजिनीअर असलेलं घर. म्हणाले, "यार, कशाला हा उपद्व्याप? व्हिडिओ काढ, सीडी पाठव. निवांत बघतील."

"काका, तुमच्या मुलीच्या लग्नाची तुम्ही सीडीच बघितली असती का?"

"तसं नाही रे. आमच्यात असलं वायरी ओढणं कुणी करत नाही, इतकंच."

"म्हणून तर तुमचा प्रिंटर लावायला मला बोलावता."

काकू हसल्या. काका हसले नाहीत.

बारसं सकाळी ठेवलं, म्हणजे बार्शीत संध्याकाळ. पाळण्याला फुलं लावली, घुगऱ्या झाल्या, बायका जमल्या. मी कॅफेतल्या फोनवर बहिणीला गाठलं आणि आमचा फोन स्पीकरवर टाकून मुलीच्या उशाशी ठेवला. बहीण म्हणाली, "फुलं दिसली रे दादा! तिच्या डोक्यावरचं हिरवं कुंचडं माझंच ना?" आणि मग, "थांबलं. आता काहीच येईना."

मी कपाटाकडे धावलो. मशीन चालू होतं. मोडेमचे दिवे एकेक करून नव्यानं पेटत होते. शेजारी काकू भाताच्या कुकरची वायर हातात घेऊन उभ्या. "अरे, हे काढून कुकर लावला होता, आता पुन्हा होतं तसं लावलं. मसालेभात गार झाला होता. हे नुसतं लुकलुकत होतं, म्हटलं कुणाचा तरी चार्जर असेल."

काकूंवर मी काय चिडणार? आपल्या घरांत बारशाला आधी भातच गरम व्हायचा. वायर निघाली, पुन्हा लागली, एवढंच झालं होतं. पण तेवढ्यात कंपनीनं माझ्या घराचा पत्ता बदलून टाकला होता. बदललेला नंबर शोधून देणाऱ्या सेवा होत्या, पण त्या कॅफेतून त्या धड उघडत नसत. बहिणीच्या तळहातावर जुना नंबर पेननं लिहिलेला.

मग मी पाळण्यावर वाकून, मुलीच्या उशाशी ठेवलेल्या फोनात, नवा नंबर ओरडून सांगितला. बहीण एकेक आकडा मोठ्यानं परत म्हणत होती. काका म्हणाले, "काय रे, नाव आकड्यांतच ठेवताय का?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझ्या मुलीच्या कानात आत्यानं पहिली सांगितलेली गोष्ट म्हणजे कंपनीनं फेकलेला नंबर!

"आली! आली! डोळे मिटलेत बघ तिचे," बहीण म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "कुर्र्र..." आणि तिनं नाव सांगितलं. मागोमाग फोनात धपाधप आवाज. आत्यानं नाव ठेवलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. आमची आई कॅफेत तिच्या मागेच उभी होती. "आई, हळू गं!" बहीण ओरडली, आणि रडायला लागली.

काही दिवसांनी कंपनीतून एका माणसाचा फोन. तुमच्या लाइनवरून बाहेर बरंच काही जातंय, सर्व्हर असेल तर बंद करा, नाहीतर लाइन बंद होईल. काय जातंय ते विचारलंही नाही. माझी आई आणि बहीण आळीपाळीनं कॅफेत बसून एक पोर झोपलेली बघत होत्या, ते जात होतं.

"बंद करणार नाही," मी म्हटलं. "तुमची लाइन तोडायची तर तोडा. दुसऱ्या कंपनीची घेईन आणि तिच्यावर हेच चालवीन."

त्यांनी तोडली. मी दुसरी घेतली. तिच्याही करारात घरात सर्व्हर नको असं लिहिलेलं होतं. त्याखाली सही केली, कपाट उघडलं आणि बहिणीला नवा नंबर सांगायला फोन उचलला.