चार रेघांची कमलबाई

मी फ्रेमा करतो. धुळ्यात, देवपुरात, बस थांब्यासमोर माझं दुकान आहे. देव, लग्नातली जोडपी आणि गेलेली माणसं, एवढंच माझ्याकडे येतं. बत्तीस वर्षांत जवळजवळ कोरा कागद फ्रेम करायला घेऊन येणारा माणूस एकच भेटला, तो म्हणजे रुपचंद नाना.

पहिल्यांदा आला तेव्हा चांगला मोठा, जाड कागद आणला होता. कोपऱ्यात दोन काड्या आणि वर एक वाकडी रेघ, बस्स. मी म्हटलं, "नाना, पेन चालतं का बघत होतात?"

"टिटवी शे," नाना म्हणाला.

"मग उरलेली कुठंय?"

"गवतमा."

मला राग लवकर येतो, आमच्या घरी विचारा. पण गिऱ्हाईक आहे म्हणून गप्प बसलो. फ्रेम करून भिंतीला टेकवली आणि चहा सांगायला बाहेर गेलो. परत येतो तो काय, दारातूनच मला टिटवी दिसली. मान ताठ, आता ओरडेल अशी. तेव्हापासून नानाची चित्रं मी करून देत आलो आणि दरवेळी त्याच्याशी भांडत आलो. कोल्हा म्हणजे नुसती शेपटी, खंड्या म्हणजे एक चोच आणि खाली पाण्याची आडवी रेघ. मी म्हणायचो, "नाना, शाई महाग झाली का?" तो हसायचा नाही. म्हणायचा, "जेवढं देखं तेवढंच काढस."

नाना वनखात्यातला. मूळचा भडगावकडचा, नोकरी मात्र सगळी मुक्ताईनगरच्या बाजूच्या जंगलात. चित्रकला कुठं शिकलात म्हणून विचारलं तर म्हणाला, काचेवर. त्या काळी वाघांची मोजणी पायाच्या ठशांवरून व्हायची. मातीत ठसा सापडला की त्यावर काच धरायची, एक डोळा मिटून सरळ वरून बघायचं आणि ठशाची कड पेनानं काचेवर उतरवायची. मग काचेवरून कागदावर. नोकरीला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एका ठशाचं एक बोट वाऱ्यानं पुसट झालं होतं. नानानं ते अंदाजानं पूर्ण केलं, छान गोल. धनसिंग नावाचे त्याचे वनपाल होते. त्यांनी विचारलं, "हे बोट तू पाहिलंस?" नाना म्हणाला, "असणारच की साहेब, वाघाला बोटं चारच."

धनसिंगांनी कागद फाडला आणि बारा किलोमीटर परत पाठवलं. म्हणाले, "रेघ वाढली की वाघ वाढतो. नसलेला वाघ कागदावर पळायला लागला, तर त्याला धरायला तू जाशील?"

झालं, तेवढ्यावर या माणसाचा जन्म गेला. पुढं मोजणीला कॅमेरे आले, काचा कपाटात गेल्या, पण नानाचा हात काही बदलला नाही. अख्ख्या नोकरीत वाघ त्यानं एकदाच पाहिला, केळीच्या बागेत. वाघाची पाठ, शेपूट आणि केळीचं एक पान, असं ते चित्र. एका साहेबांना ते ऑफिसात लावायचं होतं. हातात घेऊन म्हणाले, "याला तोंड कुठंय?" नाना म्हणाला, "साहेब, तो जात होता." साहेबांनी चित्र परत दिलं आणि कॅलेंडरातला वाघ लावला. त्याला तोंड होतं, मिशाही होत्या.

नानाची बायको कमलबाई इकडं देवपुरात राहायची, आमच्याच गल्लीत, दोन खोल्यांत. मुलगी दीपमाला, तिच्या शाळेसाठी. नाना महिन्यातून दोन दिवस यायचा आणि ते दोन दिवसही ओट्यावर बसून पेन्सिलीला टोक काढायचा. कमलबाई गोरीगोमटी, बोलायला मोकळी. आमच्या मंडळींची, सुनंदाबाईंची, ती जिवाभावाची मैत्रीण. नाना रिटायर होऊन घरी आला तेव्हा आम्हाला वाटलं, चला, आता तरी दोघं मिळून राहतील. कसलं काय! हा गडी रोज पहाटे गाडीला किक मारून गावाबाहेर लळिंगच्या कुरणात, पाखरं बघायला. कमलबाई सुनंदाबाईंना म्हणायची, "माणूस जंगलातून आला, पण जंगल काही माणसातून गेलं नाही."

मागच्या वर्षी पोळ्यानंतर आठ दिवसांनी कमलबाई गेली. सकाळी भाकरी थापताना, बसल्या जागी. जळल्याचा वास आला म्हणून सुनंदाबाई धावत गेल्या, तर भाकर तव्यावर आणि कमलबाई भिंतीला कललेली. नाना कुरणातून साडेदहाला आला. काखेत वही होती. दारात माणसं बघून त्यानं गाडी आमच्या दुकानापुढंच उभी केली आणि चालत गेला. पुढचं मी सांगत नाही.

दीपमाला सुरतेहून आली. तेरावा झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "नाना, आई शेवटचं काय बोलली तुमच्याशी?" नानाला आठवेना. त्यानं खूप आठवून बघितलं, ते आम्हाला दिसत होतं. दीपमालानं बॅग उचलली. त्यानंतर दहा महिने तिचा फोन यायचा तो आमच्या घरी. "काकी, नाना जेवतात ना?" एवढं विचारून ठेवून द्यायची. नाना ओट्यावर बसलेला असायचा, आमच्या दारापासून वीस हातांवर. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ. पण 'नानांना द्या' असं तिनं कधी म्हटलं नाही आणि त्यानंही कधी उठून फोनसाठी हात पुढं केला नाही.

वर्षश्राद्धाला दीड महिना होता तेव्हा तिचा फोन दुकानात आला. म्हणाली, "काका, नानांना सांगा, श्राद्धाच्या दिवशी भिंतीवर आईचं चित्र पाहिजे. फोटो नको, त्यांनी काढलेलं. टिटव्या काढल्या, कोल्हे काढले, आईला एकदा तरी काढलं का? काढून ठेवा म्हणावं. नाहीतर मी सकाळी येईन, पान वाढून होईल आणि दुपारच्या गाडीनं जाईन. मग त्या घरात परत यायला मला कारण नाही."

मी निरोप सांगितला. नानानं मान हलवली. पोरगी हातची जाते की राहते, ते आता एका कागदावर आलं होतं.

चार दिवसांनी आमच्या घरी आला. सुनंदाबाई तांदूळ निवडत होत्या. नाना उभ्या उभ्याच म्हणाला, "वहिनी, कमलना तीळ कोन्ता गालवर व्हता?"

सुनंदाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "नाना," त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांचा संसार तुमचा. मला विचारता?" आणि सूप घेऊन आत निघून गेल्या. रात्रभर माझ्याशीही बोलल्या नाहीत, जसा काही तीळ मीच विसरलो होतो.

मी दीपमालाच्या लग्नाच्या अल्बममधून कमलबाईचा चेहरा मोठा करून आणला आणि नानाच्या हातात दिला. म्हटलं, हे घ्या, बघून काढा, तिळासकट. आठवड्यानं चित्र आलं. काय सांगू! डोळे, नथ, डाव्या गालावरचा तीळ, केसांतली पांढरी बट, सगळं होतं. आख्खी कमलबाई. मी म्हटलं, "वा नाना! एवढा हात असून जन्मभर काड्या काढत बसलात?" पट्टी कापायला घेतली. चंदनाचा हारसुद्धा मनात ठरवून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच नाना हजर. "दे ते परत. हाई मी देखं नही. हाई फोटोवालानी देखं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर रस्त्यात ओरडलो मी. "नाना, पोरगी कायमची तुटेल! धनसिंग गेले, काचा गेल्या, मोजणी गेली. आता एक रेघ खोटी काढली तर कोणता वाघ वाढणार आहे?"

नाना शांतपणे म्हणाला, "कमल वाढी. नसलेली."

आणि चित्र गुंडाळून चालता झाला. उंटावरचा शहाणा! असं मी तेव्हा म्हणालो. आता म्हणवत नाही.

मग तो दिसेनासा झाला. सुनंदाबाई डबा नेऊन द्यायच्या, तो संध्याकाळी अर्धा भरलेलाच परत यायचा. राग गिळून त्या म्हणाल्या, "अहो, तो माणूस दारात उभा राहतो नुसता. बाहेर जातो, चपला घालून परत येतो, आणि दारात उभा राहून आत बघतो. दहा दहा वेळा." मी म्हटलं, डोकं फिरलं असेल. एकटं माणूस, दुसरं काय होणार?

श्राद्धाच्या दोन दिवस आधी कागद घेऊन आला. चार रेघा होत्या. एक पाठीची, खाली बसलेल्या बाईची. एक अंबाड्याची, एक खांद्यावरून मागे खोचलेल्या पदराची, आणि एक कोपर, भाकरी थापताना बाहेर येतं तसं. तोंड नाही. मी बघत राहिलो, आणि देवाशप्पथ, माझ्या नाकात जळक्या भाकरीचा वास आला.

"मी येऊ तवय आशीच दिसे," नाना म्हणाला. "दारकडे पाठ. 'आलात का?' म्हने. वळे नही."

"पण नाना, दीपमाला..."

"मी एवढंच देखं, सुकदेव." आणि माझ्यासमोर पहिल्यांदा रडला. "चाळीस वर्षमा एवढंच देखं रे."

मी फ्रेम केली. साधी, काळी, बारीक पट्टीची. हार लावला नाही. पाठीला हार कसा घालणार?

श्राद्धाला पाच-पंचवीस माणसं होती. चित्र समोरच्या भिंतीवर. कुजबूज सुरू झाली. नानाची एक म्हातारी चुलती ताईबाई, ती मोठ्यानं म्हणालीच, "आरे रुपचंद, कुकू कोठे लावू इले? डोकानी मांगे?" कोणीतरी खुदकन हसलं. नाना खाली मान घालून बसला होता. दीपमाला आली, पायही न धुता चित्रासमोर उभी राहिली. मी मनात म्हटलं, संपलं. आता बॅग उचलते ही.

"एवढंच पाहिलं का तुम्ही, नाना?"

"एवढंच."

"ती का वळायची नाही, माहीत आहे तुम्हाला?"

"कामात राहे ती."

"काम कसलं!" दीपमालाचा आवाज फाटला. "गल्लीत तुमची चप्पल वाजली की ती दाराकडे पाठ करून बसायची. आधी नाही, चप्पल वाजल्यावर. मी समोर असायची, स्टोव्हच्या पलीकडे, भिंतीला टेकून पाटीवर लिहीत. मला दिसायचं तिचं तोंड. नाना, ती हसायची हो! एवढी हसायची की पदर दातात धरायची. मला डोळ्यांनी दटावायची, बोलू नकोस म्हणून. एकदा मी विचारलं तर म्हणाली, त्यांना हे दिसलं तर परत जाताना त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. नोकरी आहे बाई, जावं तर लागणार."

नानानं मान वर केली.

"हासे?" नाना म्हणाला. मग लहान पोरानं विचारावं तसं, "कशी?"

दीपमाला दाखवायला गेली. तोंडाशी पदरासारखी ओढणी धरली, ओठ हलवले, आणि तिला जमेना. तिथंच खाली बसून ती हुंदके देऊन रडली. सुनंदाबाईंनी तिला जवळ घेतलं. नाना जागचा उठला नाही. हात मात्र पुढं करून त्यानं तिच्या पायाच्या अंगठ्याला धरून ठेवलं होतं, कितीतरी वेळ.

ती दुपारच्या गाडीनं गेली नाही. दोन दिवस राहिली. जाताना मी विचारलं, चित्र नेणार का? म्हणाली, "नको काका, ते त्यांचं आहे. माझ्याकडे तोंड आहे." आता रविवारी तिचा फोन येतो, थेट नानाला. फार बोलत नाहीत दोघं. पण वाजतो तरी.

नाना आता कुरणात जात नाही. कागदही आणत नाही. परवा सकाळी मी सहज डोकावलो तर बाहेरच्या खोलीत नव्हता. हाक मारली, "नाना?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "आठे शे."

आत गेलो. कमलबाईनं गॅस आल्यावरही शेगडी खालीच ठेवली होती, ती तशीच होती. तिच्या पलीकडे, भिंत आणि शेगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, जिथं शाळकरी पोरगीच मावावी, तिथं नाना गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. दाराकडे तोंड करून.

मी म्हटलं, "तिथं काय करताय? या बाहेर, चहा घेऊ."

"कमलनं तोंड आठून दिसनं अस्तं," तो म्हणाला. मग दारापासून स्वतःच्या पायापर्यंत बोट फिरवलं. "पाच पावलं, सुकदेव. दारपाइन आठलगून. मी मोजात."

मी चहा तिथंच आणला आणि शेगडीच्या अलीकडे खाली बसलो.