भावजींच्या फिल्टरला कल्हई

नाशकात नाक धरून गोदावरीत बुडी मारणारे ढिगानं सापडतील, पण बुडीआधी ओंजळभर पाणी हुंगून त्याची खुशाली विचारणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या घरचा जावई निघाला. माझ्या नणंदेचे यजमान, आमचे भावजी, अंबडच्या एका कारखान्यात पाण्याची यंत्रं सांभाळत. कुणाकडेही गेले की चहाआधी स्वयंपाकघरात शिरून नळाखाली वाटी धरायचे. एका बारशाला त्यांनी बाळाच्या आधी गच्चीवरची टाकी पाहिली. नव्वदच्या दशकातल्या एका अधिक महिन्यात आम्ही त्यांना अनारसे आणि चांदीची वाटी देऊ केली, तर म्हणाले, "वहिनी, वाटी राहू द्या. तुमचा नळ तेवढा माझ्या ताब्यात द्या."

कारण सासूबाई. जन्मभर विहिरीचं पाणी प्यालेल्या सासूबाई आमच्याकडे आल्या त्या मुतखडा घेऊनच. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं, आणि नळाला क्लोरीनचा वास. "दवाखाना प्याल्यासारखं वाटतं गं," म्हणत त्या माझी पाठ वळली की पेला तुळशीत रिकामा करत. उकळलेलं पाणी त्यांना मेलेलं वाटे. तुळस फोफावली, त्या मात्र कळा सोसत पडून राहत.

भावजींनी नळाला एक उभं नळकांडं जोडलं. आत तांबं आणि जस्त एकत्र करून केलेले, जाड रव्यासारखे पितळी दाणे. "वहिनी, क्लोरीन म्हणजे पंगतीतला अधाशी पाहुणा. त्याला इलेक्ट्रॉन हवे असतात. जस्त उदार आहे, ते वाढतं; तांबं मध्यस्थी करतं. पोट भरलं की क्लोरीनचं होतं क्लोराइड, आपल्या मिठात असतं तसलं. वास गेला. शिसं, गंज असलं काही आलं तर तेही बरंचसं दाण्यांपाशी अडकतं. जंतूंची हमी मात्र मी देत नाही, आणि हे पाणी शिळं ठेवू नका." मी तेव्हा बी.ए. झालेली, म्हणजे सगळं कळणारी. मान डोलावली आणि त्यातला 'पितळी' एवढा एकच शब्द डोक्यात ठेवून घेतला.

सासूबाईंनी पेला हुंगला, घोट घेतला आणि रिकामा पेला पुढे केला, "अजून घाल." महिनाभर घरात कण्हणं ऐकू आलं नाही.

मग भावजी कामासाठी पंधरा दिवस बडोद्याला गेले. जाताना सांगून गेले, आठवड्यातून एकदा उलटी धार सोडून दाणे धुवा. मी शहाणीनं नळकांडंच उघडलं, तर दाणे काळवंडलेले. बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकतं, मग पाणी नाही कळकणार? नेमका कल्हईवाला रस्त्यावर आलेला.

"ताई, पातेलं आणा. रव्याला कुठं कल्हई करतेत?"

"तुम्हाला येत नसेल तर सरळ सांगा."

बिचारा पेटला. भाता फुसफुसला, नवसागराचा धूर झाला, कथील वितळलं, आणि दाण्यांची मिळून एक चकचकीत चिक्की झाली. ती मी बत्त्यानं फोडली, नळकांड्यात कोंबली आणि आरशात स्वतःकडे कौतुकानं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पेला दूर सारला, "पुन्हा दवाखाना." पाणी सुटलं, कळा परतल्या आणि आठव्या दिवशी त्यांना दवाखान्यात सलाइन लागलं.

भावजी बडोद्याहून आले ते बॅग खांद्यावर घेऊनच नळापाशी गेले. नळकांडं उघडून चिक्कीचा तुकडा हातात फिरवला.

"वहिनी, कल्हई कशासाठी करतात?"

"पितळ अन्नाला लागू नये म्हणून."

"आणि मी दाणे कशासाठी घातलेत?"

मी ओट्यावरचा बत्ता हळूच मागे सरकवला.

"पाण्याला लागावेत म्हणून," ते हळूच म्हणाले आणि नवे दाणे आणायला गेले.

सासूबाई घरी आल्या, पुन्हा पेल्यावर पेले रिचवू लागल्या, यथावकाश खडाही पडला. त्याआधी पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "मधे काय बिघडलं हो?" मी तोंड उघडलं, पण भावजी आधी बोलले, "आई, माझेच दाणे चुकले होते."

पुढे सासूबाई होत्या तोवर प्रत्येक दिवाळीला आल्यागेल्याला सांगत, "जावई गुणी हो, पण हाताला सफाई नाही." भावजी समोर बसून निमूट करंजी खात. माझ्याकडे एकदाही बघत नसत. बघितलं असतं, तर मला खरं बोलावं लागलं असतं.