मार्लिसची दोरी

मार्लिस टॉर्विकने उभा जन्म आमच्या गावच्या शाळेत पोरांना जेवण वाढलं. त्यातली निम्मी पोरं आता टक्कल पडून गावात हिंडतात आणि मार्लिस समोरून आली की अजूनही पाठ ताठ करतात. बँकेचा मॅनेजरसुद्धा. "गाजरं का टाकलीस पानात?" असं ही बाई भर बँकेत विचारेल, ही धास्ती काही त्याच्या चेहऱ्यावरून जात नाही.

अशी ही मार्लिस ऑक्टोबर लागला की दर शनिवार-रविवार डोंगराच्या कडेवर एका लाकडी खोपट्यात बसून ससाणे पकडते. पकडून त्यांच्या पायात नंबर कोरलेलं अ‍ॅल्युमिनियमचं कडं घालायचं, वजन करायचं आणि सोडून द्यायचं. "सोडायचेच तर पकडायचे कशाला?" हे फक्त गावात नवा आलेला माणूस विचारतो. मीही विचारलं होतं. मार्लिसने उत्तर म्हणून बटाट्याच्या वेफर्सचा एक लांबुळका डबा माझ्या हातात ठेवला. त्यातून एक शेपूट आणि दोन पिवळे पाय बाहेर आलेले होते. "धर," ती म्हणाली, "आणि बडबड करू नकोस. तो आधीच वैतागलाय." तेव्हापासून मी धरतोच आहे. पुण्यातल्या माझ्या बहिणीची अजून समजूत आहे की मी इकडे अमेरिकेत कोंबड्या पाळतो.

ससाण्याबद्दल लोक फार मोठमोठं बोलतात. आकाशाचा राजा वगैरे. त्या लोकांनी राजाला वेफर्सच्या डब्यात डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत किचनमधल्या काट्यावर ठेवलेलं पाहिलेलं नसतं. डब्यात पक्षी शांत राहतो, पंख मोडत नाहीत, म्हणून डबा. डबे रिकामे व्हावेत म्हणून वर्षभर वेफर्स आम्ही खातो. विज्ञानासाठी आमच्याइतकं वजन कोणी वाढवलं नसेल.

आणि हे राजे आमच्या डोंगरावरून जातात तेही भीतीपोटी. हिवाळ्याच्या आधी कॅनडाकडून मोठ्या ऐटीत खाली दक्षिणेला येतात, समोर समुद्राएवढं सुपीरियर सरोवर पसरलेलं दिसतं, पलीकडचा काठ दिसत नाही, आणि भल्याभल्यांची टरकते. मग काठाकाठाने, थेट आमच्या खोपट्यावरून.

खोपट्यासमोर मोकळी जागा, आणि तिथे बिशप. बिशप हे कबूतर. ससाण्याच्या नख्या लागू नयेत म्हणून त्याला चामड्याचं जाकीट घातलेलं असतं आणि त्यात ते इतकं पवित्र दिसतं की दुसरं नाव सुचलंच नाही. एकदा चर्चचे खरे बिशप आमचं काम बघायला आले होते, तेव्हा दिवसभर आम्ही कबुतराला "ए, तू" म्हणत होतो. एका दोरीने बिशपला फडफडवायचं. ससाणा ते पाहून झेपावतो. बिशपच्या मागे स्प्रिंगवर ताणलेलं अर्धगोल जाळं जमिनीलगत एका खिट्टीत अडकवलेलं असतं. दुसरी दोरी त्या खिट्टीची. ससाणा सूर मारतो तेव्हा या दोरीतला ढिलेपणा काढून घ्यायचा. त्याला आम्ही दाब घेणं म्हणतो. ससाणा बिशपवर बसला की मग ओढायचं. आधी ओढलं तर जाळं नुसत्या बिशपवर पडतं, आणि बिशप आपल्याकडे जे बघतो ते बघवत नाही.

ही दुसरी दोरी मार्लिसची, पहिलीही तिच्याच दुसऱ्या हातात. मी आलो त्याच्या आधीपासून. तिच्या शेजारच्या स्टुलावर ड्वेन हेक्किनेन, ज्याने जाळं पडलं की धावत जाऊन पक्षी आणायचा. ड्वेन घरं उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करतो, अंगाने कपाटाएवढा आहे आणि हळुवार बोलतो. मागच्या टेबलावर लव्हॉन, एका दंतवैद्याकडची निवृत्त मदतनीस. पक्कड हातात घेऊन समोरच्याला "काही दुखणार नाही हं" म्हणायची तिला सवय आहे आणि ती ससाण्यांनाही तेच सांगते. माझ्याकडे डबे.

ड्वेनला ती दोरी हवी होती. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, मार्लिसला तर होतंच. पण आमच्याकडे हवं ते मागणं म्हणजे असंस्कृतपणा. कोणी केक पुढे केला तर दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा "बरं, तू म्हणतेस तर" असं म्हणून सर्वांत लहान तुकडा घ्यायचा. त्यामुळे वर्षानुवर्षं ड्वेन म्हणत आला, "छे छे, तूच बस मार्लिस. मी आपला पळतो. पळालं की बरं वाटतं मला." अंगाने कपाटाएवढा माणूस, पळून काय बरं वाटणार!

त्या शनिवारी वायव्येचा वारा सुटला होता, आकाश स्वच्छ, पक्षी नुसते ओघळत होते. मार्लिसने हातमोजे काढले. तिच्या बोटांची पेरं आल्याच्या कांडीसारखी झालेली. आम्ही सगळ्यांनी ताबडतोब बाहेर बघायला सुरुवात केली.

पहिला लाल शेपटीचा ससाणा आला. मार्लिसने बिशपला फडफडवलं, तो झेपावला, आणि तो अजून हातभर वर असतानाच फट्! जाळं बिशपवर. ससाणा वरच्या वर वळून गेला.

"वारा विचित्र आहे आज," ड्वेन म्हणाला.

"हो ना, वाराच," मी म्हणालो.

दुसरा आला. फट्. तिसरा आला, तेच.

"ऊन डोळ्यांवर येत असेल तुझ्या," लव्हॉन मागून म्हणाली.

"ऊन माझ्या पाठीवर आहे, लव्हॉन."

"तेच म्हणतेय मी. पाठीवरच्या उन्हाने माणूस दमतं."

बाजूच्या झाडांतल्या उभ्या जाळ्यांत काही छोटे शिक्रे आपणहून येऊन अडकले, म्हणून डबे अगदीच रिकामे राहिले नाहीत. पण दोरीवर दिवसभरात एकही पक्षी आला नाही. दुपारनंतर मार्लिस प्रत्येक फट् नंतर आपल्या बोटांकडे बघायची, जेवणाच्या रांगेतल्या द्वाड पोराकडे बघावं तशी.

आवराआवर करताना तिने दोरीची गुंडाळी केली आणि ड्वेनच्या मांडीवर ठेवली.

"उद्या तू बस."

"छे छे, काहीतरीच काय."

"बस म्हणते."

"नाही नाही, मी आपला पळतो."

"ड्वेन. बस."

"बरं, तू म्हणतेस तर," ड्वेन म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. आनंदाने की लाजेने ते त्याच्या कानांनाही कळलं नसावं.

"आणि उद्या संध्याकाळी बिशपला तुझ्याकडेच ने," मार्लिस म्हणाली. "माझ्या गॅरेजमध्ये तेवढीच जागा होईल. पुढच्या वर्षी मी नाही येणार. काय करू इथे मागे बसून? वेफर्स खाऊ?"

 रात्रीचं जेवण तिच्याकडेच ठरलेलं होतं. तिने खिमा आणि वर बटाट्याच्या वड्या लावून भाजलेली भलीमोठी परात काढली. आमच्याकडे कोणी वारलं की चर्चच्या तळघरात हेच जेवण असतं, त्यामुळे आम्ही सवयीने मान खाली घालून जेवलो. लव्हॉन तर जाताना मार्लिसला "काही लागलं तर सांग हं" म्हणाली.

रविवारी ड्वेन दाढी करून आला. इस्त्रीचा सदरा. खोपट्यात आजवर कोणी इस्त्रीचा सदरा घालून आलेलं नाही. मार्लिस त्याच्या पळण्याच्या स्टुलावर बसली, थर्मासमधली कॉफी ओतली आणि म्हणाली, "लग्न आहे का कोणाचं?"

तासभर काही नाही. मग लव्हॉन कुजबुजली, "बाज."

बाज म्हणजे आमच्या धंद्यातली दिवाळी. काही वर्षी येतो, काही वर्षी येतच नाही. ससाण्याहून थोराड, पाटीसारखा राखाडी, डोळ्यांवर पांढरी भुवई आणि खाली लालभडक डोळा. कर्ज बुडवलेल्या माणसाकडे बघावं तसा तो सगळ्या जगाकडे बघतो. ड्वेनने बिशपला फडफडवलं. बाज झाडांच्या शेंड्यांवरून सरळ खाली आला. ड्वेनने श्वास रोखून, अगदी मार्लिससारखाच, दाब घेतला.

फट्.

बाजाने हवेतच ब्रेक लावला, जाळ्याखालच्या बिशपकडे आणि मग थेट आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि डोंगरापलीकडे निघून गेला. ड्वेनचा चेहरा त्याच्या सदऱ्यापेक्षा पांढरा.

"तू ओढलंस?" मार्लिसने विचारलं.

"नाही. म्हणजे, दाब घेतला नुसता."

"मी तुझ्या हाताकडेच बघत होते. ओढायला हात हललाच नाही तुझा."

ती उठली, बाहेर गेली आणि जाळ्यापाशी गुडघे टेकून बसली. बराच वेळ. मग आत येऊन दारात उभी राहिली. मला उगीचच वाटलं की आपण गाजरं टाकली आहेत.

"माझ्या खिट्टीला कानस कोणी लावली?"

आमच्यात कानस एकाच माणसाकडे आहे. आम्ही कोणीच त्याच्याकडे बघितलं नाही. इतकं नाही बघितलं की त्याहून बोट दाखवलेलं बरं.

"यंदा थंडी लवकर पडली," ड्वेन म्हणाला.

"ड्वेन."

"म्हणजे थंडीत लोखंड कसं जरा अवघडतं..."

"ड्वेन हेक्किनेन!"

ड्वेनने दोरी खाली ठेवली. "तुझ्या बोटांना जरा हलकं जाईल म्हटलं. थोडीशीच घासली. शुक्रवारी येऊन."

"थोडीशी? फुंकर मारली तरी सुटतेय! दाब घेतला की जाळं पडतंय! आणि मला सांगितलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"अस्सं. आणि काल दिवसभर मला काय वाटत होतं? गुदगुल्या होत होत्या?"

"मला वाटलं, खिट्टी हलकी करूनही जमत नाहीये म्हणजे तुझी बोटं खरंच..." ड्वेनने गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला. "मार्लिस, मी दाढीसुद्धा केली गं आज."

पहिल्यांदा लव्हॉन हसली, नाकातून, कॉफीसकट. मग मला आवरेना. मार्लिस मात्र हसली नाही. "गाडीतून नवी खिट्टी आण," ती म्हणाली. "होती तशी. कडक."

ड्वेनने खिट्टी बसवली आणि आपल्या जुन्या स्टुलावर येऊन बसला. मार्लिसने दोरी घेतली. आम्ही वाट बघत बसलो. शहाणा ससाणा एकदा फसला की पुढे जातो. पण बाजाला मान जास्त आणि डोकं बेताचं. त्याला त्या जाकीटवाल्याचा हिशोब पुरा करायचा होता. दुपारी तो परत आला. तोच लाल डोळा.

बिशप फडफडला. बाज आला. मार्लिसने दाब घेतला, आणि जाळं हललं नाही. बाज धपकन बिशपवर बसला. मार्लिसने ओढलं.

काही झालं नाही.

तिची बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती. दोरी ताणलेली होती, खिट्टी कडक होती, होती तशी, आणि बोटं काही होती तशी नव्हती. ड्वेनचा हात पुढे आला आणि वाटेतच थांबला. त्याने तो हात मागे नेऊन आपल्याच दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

मार्लिसने मनगटाला दोरीचा एक वेढा घेतला, पाय भिंतीला लावले आणि सगळ्या अंगानिशी स्वतःला स्टुलावरून मागे फेकून दिलं. ती ड्वेनवर, ड्वेन टेबलावर, टेबल लव्हॉनवर, आणि मी वेफर्सच्या डब्यांखाली. ढिगाऱ्याच्या तळातून मार्लिसचा आवाज आला, "जाळं पडलं का?"

पडलं होतं. आत बाज पंख पसरून थयथयाट करत होता.

ड्वेन धावला आणि बाजाला घेऊन आला, खरं म्हणजे बाज ड्वेनचा अंगठा घेऊन आला. लव्हॉनने एकेक नखी सोडवली. "काही दुखणार नाही हं," ती ड्वेनला म्हणाली. बिशपची चार पिसं गेली होती, बाकी तो कमिटीची सभा आटोपून आल्यासारखा येरझाऱ्या घालत होता. बाज वेफर्सच्या डब्यात मावत नाही. त्याला रसाचे दोन मोठे डबे चिकटपट्टीने जोडून त्यात भरला, तोलला आणि लव्हॉनने पक्कडीने त्याच्या पायात कडं आवळलं.

ज्याने दोरी ओढली त्याने पक्षी सोडायचा, असा आमचा नियम आहे. ड्वेनने बाज मार्लिसपुढे धरला. तिने हात मागे घेतले.

"माझ्या बोटांत पकड नाही. ते आता सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा वारा आणि ऊन पुरे. तू सोड."

"छे छे, तुझा पक्षी..."

"एकदाच विचारतेय, ड्वेन."

असं आमच्याकडे कोणी कोणाला बोलत नाही. लव्हॉनचं तोंड उघडंच राहिलं. 

"सोडतो," तो म्हणाला.

कडेवर जाऊन त्याने बाजाला वर झोकला. बाजाने जाता जाता इस्त्रीच्या सदऱ्यावर खांद्यापासून खिशापर्यंत एक लांबलचक पांढरी सही केली आणि काठाकाठाने दक्षिणेला निघून गेला.

"अगदीच वाईट नव्हतं," मार्लिस म्हणाली. आमच्याकडे याच्या वरचं कौतुक नाही.

ड्वेन सदरा पुसत उभा होता. मग एकाएकी, थंडीचा किंवा वाऱ्याचा विषय न काढता, म्हणाला, "मार्लिस, मला दोरी पाहिजे. रोज नाही. एखाद्या रविवारी."

मार्लिसने त्याच्याकडे, शाळेत तिसऱ्यांदा वाढून मागणाऱ्या पोराकडे बघावं तसं पाहिलं. कमरेवर हात ठेवून जरा कण्हली.

"पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली. "आधी माझ्या मागे एक गादी टाक. तू फार टणक आहेस."

मग तिने बिशपला उचललं, त्याचं जाकीट सारखं केलं आणि त्याला आपल्याच गाडीत ठेवलं.