इनायातची बोटं

आमच्या मुहर्रम बेक मोहल्ल्यात अशी बोलवा आहे, की इनायातने साफिनाझ नवरीचे केस मत्सरापोटी जाळले. नवरा म्हणे आधी इनायातलाच सांगून आला होता! पाववालीचं ऐकाल तर, "धूर गं बाई, पार ट्रामच्या रुळांपर्यंत!"

खरं एवढंच, की कानामागची एक बट करपली. तो नवरा इनायातने अजून पाहिलेलाही नाही.

मादाम शहीराच्या पार्लरात ती चोवीस वर्षं केसांना इस्त्री करत आली. अलेक्झांड्रियाची दमट हवा दुपारपर्यंत प्रत्येक डोक्याचा काथ्या करते, त्यामुळे या कामाला मरण नाही. इस्त्री किती तापली, हे जुन्या बायका ओलं बोट टेकवून बघतात. टेकवता टेकवता इनायातच्या बोटांची टोकं कधी मेली, तिलाच कळलं नाही. त्या दिवशी बोटाला काही लागलं नाही, म्हणून तिने इस्त्री आणखी तापवली.

साफिनाझ किंचाळली, "महिन्यावर लग्न आलंय माझं!"

इनायातने वायर गुंडाळून ठेवली. "पाणी देऊ?" विचारलं. रडू आलं नाही. का येत नाही, याचंही तिला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मादामला म्हणाली, "इस्त्री नको. मला करपलेल्या केसांचं काम द्या. मलई चोपडायची, वाफ द्यायची."

मादाम शहीरा गोड बोलताना नाकातून बोलतात. "इनायात, राणी, तू मला बहिणीसारखी. पण कुठला केस वाफ सोसेल, कुठला तुटेल, हे हाताला कळायला नको? तुझा हात तर..."

तेवढ्यात मालकिणीची सोळा वर्षांची कन्या, म्हणजे अस्मादिक, त्याच नाकातल्या आवाजात मध्ये पडल्या. "पैज, राणी! डोळे बांधून पाच बटा देते. करपलेली ओळखलीस तर चार कलेजीचे सँडविच माझ्याकडून. हरलीस तर?"

"तर घरी जाते," इनायात म्हणाली. चहात साखर नको म्हणावं, तसं.

सोमवारी दुकान बंद असताना तिच्या डोळ्यांना टॉवेल बांधला. पहिली बट तिने बोटांत नुसतीच धरली. आम्ही मादामला डोळा मारला. मग तिने ती बट खालच्या ओठावरून ओढली. सावकाश.

"ही निरोगी." दुसरी. "रंगवलेली." तिसरी. "हीपण निरोगी, धुतलेली मात्र नाही." चौथीला ती थांबली. पुन्हा ओढली. "ही करपलेली. तीही साधी नाही. ओल्या केसांना तेल थापून वर इस्त्री. केस भाजले नाहीत, तळलेत. आज सकाळीच." टॉवेल न काढता तिने आमच्या दिशेने मान वळवली. "तुझीच आहे ना गं, गधडे?"

मादामचा आवाज नाकातून थेट पोटात उतरला. "माझी इस्त्री घेतलीस?"

"ओरडू नका. मेलेला केस जिवंत होत नाही," इनायात म्हणाली. "टोकं कापू, मलई लावू. दोन महिने इस्त्रीला शिवायचं नाही. उद्या साफिनाझलाही बोलवा, तिची बट तुटू देणार नाही."

मादामने मलईचा डबा तिच्यापुढे सरकवला.

सँडविच आम्ही कोपऱ्यावरून पळत आणले, तव्यावरून थेट कागदात. चटके बसून पुडकं या हातातून त्या हातात नाचत होतं. इनायातने ते दहाही बोटांच्या टोकांनी घट्ट धरलं.

"गरम आहेत का गं?" तिने विचारलं.