नेटवर्क आमचं नीट होतं

चंद्रपूरला मी ज्या केंद्रात क्लाउड शिकवते, त्याच्या खिडकीतून थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणजे ओल्या फडक्याने टेबलं आणि कीबोर्ड पुसणं. मी मूळची घुग्घुसची, कोळसा खाणींच्या गावची, त्यामुळे कोळशाच्या धुळीचं मला कौतुकही नाही आणि तक्रारही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण शहरातल्या एका खुर्चीत बसलेल्या माणसाने आमचं केंद्र घनदाट जंगलात आहे असं परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याला बरेच महिने झाले, पण माझा राग काही उतरत नाही.

आमच्या बॅचमध्ये दूर जंगलपट्ट्यातल्या भामरागडकडची एक मुलगी होती. माडिया आदिवासी घरातली. घरी थोडं धान, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता. ती चंद्रपूरच्या वसतिगृहात राहून शिकली. बोलणं अगदी मोजकं. पण काही बिघडलं की स्वतःशीच माडियात पुटपुटत एकेक पायरी तपासत बसायची. बाकीची मुलं पासवर्ड पुन्हा पुन्हा ठोकायची, मशीन बंद-चालू करायची आणि मग मला हाक मारायची. ही आधी स्क्रीनवरचा मेसेज शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची. मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून हेच सांगत आले आहे, की मशीन खोटं बोलत नाही, आधी ते काय म्हणतंय ते वाचा. ते मनावर घेणारं कुणीतरी एकदाचं भेटलं होतं.

सर्टिफिकेटच्या शेवटच्या पेपरापर्यंत आमच्याकडून ती एकटीच पोचली. नागपूरच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती, पण सर्टिफिकेट पावसाळ्याआधी हातात पडलं तरच. नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. बॅच संपली की वसतिगृहही सुटणार होतं. म्हणजे पेपर गेला तर तिला भामरागडला परत जावं लागणार, आणि तिथे पूल एकदा पाण्याखाली गेला की दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीलाही बाहेर पडायची सोय नाही.

पेपर प्रॅक्टिकल होता. डेटाबेस दूर कुठेतरी परीक्षावाल्यांच्या क्लाउडवर ठेवलेला. एक ॲप्लिकेशन त्याला जोडलं जात नाहीये, ते का जोडलं जात नाही हे शोधा आणि दुरुस्त करा, एवढाच प्रश्न. बिघाड त्यांनीच मुद्दाम घालून ठेवलेले असतात. कुठे पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, चुकीचा, कुठे पासवर्डची मुदत संपलेली. परीक्षक ऑनलाइन बसून बघत असतो आणि लागलं तर हेडफोनवर बोलतो.

शिकवणाऱ्यांना आत बसायची परवानगी नाही, म्हणून मी काचेबाहेर उभी होते. तिचे ओठ हलताना दिसत होते. मग तिने चॅटच्या खिडकीत काहीतरी टाइप केलं. थोड्या वेळाने कानातल्या आवाजाला मान हलवली, काहीतरी बोलली आणि हेडफोन काढून सरळ बाहेर आली. पेपर तर नुकताच सुरू झाला होता.

"काऊन उठली?" मी विचारलं.

"सरनं पेपर बंद कराले सांगतलं, मॅडम. नेटवर्कचा प्रॉब्लेम हाये म्हणे."

"कोणाच्या नेटवर्कचा?"

"आपल्या."

मी आत घुसले. नियम गेला खड्ड्यात. स्क्रीन अजून चालू होती आणि तिच्यावर सर्व्हरचा मेसेज ठळक अक्षरांत होता, की अमुक आयपी नंबरवरून येणाऱ्याला या सर्व्हरवर प्रवेश नाही. तो नंबर, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आमच्या केंद्राचा होता. परीक्षावाल्यांनी ज्या केंद्रांना आत सोडायचं त्यांची यादी आपल्या फायरवॉलला, म्हणजे सर्व्हरच्या पहारेकऱ्याला, द्यायची असते, आणि त्या यादीत आम्हाला घालायलाच ते विसरले होते. तिने हाच मेसेज जसाच्या तसा परीक्षकाला लिहून कळवला होता, खाली "आपल्या फायरवॉलमध्ये केंद्राचा आयपी जोडावा ही विनंती" असंही लिहिलं होतं. विनंती! आपण कुणाच्या दारात जातो, आतून माणूस ओरडून सांगतो की तुला घरात घेणार नाही. यावर कुणी असं म्हणेल का, की रस्ता खचलेला दिसतोय? अहो, रस्ता खचला असता तर दारापर्यंत पोचलो कसे आणि आतलं ओरडणं ऐकलं कसं?

"सरनं हे वाचलं नाई का?"

"मालूम नाई. त्यानं विचारलं, तुम्ही भामरागडच्या ना? तिकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो ना?"

"अन् तू काय म्हणली?"

"हो सर म्हणलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्या माणसाने तिच्या अर्जातलं गाव वाचलं होतं, मेसेज नाही. फायबरच्या केबलवर, एसीत, जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या मुलीला त्याने तिच्या गावाच्या नावावरून जंगलात नेऊन बसवलं आणि पेपर बंद करून टाकला. आणि ही बया त्याला हो म्हणाली! काऊन म्हणली, म्हणून मी तिच्यावरच खेकसले. ती खाली बघत उभी राहिली.

मग मी त्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची बाई होती. म्हणाली, "मॅडम, रिमोट एरियाचे कॅन्डिडेट असले की असं होतंच."

रिमोट! मी म्हटलं, बाई, तुमच्या डोक्यावर आत्ता जो पंखा फिरतोय ना, त्याची वीज बहुतेक माझ्या खिडकीसमोर तयार होते. आमचा कोळसा तुमच्यापर्यंत बरोबर पोचतो, तेव्हा आम्ही रिमोट नसतो. आमच्याकडून काही यायचं असलं की सगळे रस्ते चांगले, आणि आम्हाला काही द्यायचं असलं की आम्ही जंगलात. यावर तिने सांगितलं की रेकॉर्डिंगमध्ये कॅन्डिडेटने नेटवर्कचा प्रॉब्लेम स्वतः मान्य केला आहे, त्यामुळे निकाल 'अपूर्ण' असाच राहील. मी मेल केल्या. स्क्रीनचे फोटो पाठवले. उत्तर यायचं ते छापील, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आमची कसली गैरसोय? गोंधळ तुमचा, मेले!

शेवटी त्यांना दया आली. दुर्गम भागातल्या उमेदवारांसाठी एक सवलत असते म्हणे. आमच्याकडे नेटवर्क नव्हतं एवढं उमेदवाराने कॉलवर पुन्हा एकदा सांगायचं, की फेरपरीक्षा मिळेल. हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण दिवस सरत होते आणि नागपूरच्या कंपनीचे फोन यायला लागले होते. मी गिळला राग. तिला म्हटलं, "सांगून टाक बाई. नोकरी हातची जाऊ देऊ नको."

तिने मान हलवली, पण आडवी. "कनेक्शन काऊन होत नाई, हाच तर प्रश्न होता, मॅडम. त्याचं चुकीचं उत्तर कसं देऊ?"

भांडण मी करत होते आणि त्यांचं म्हणणं मानायलाही मीच तयार झाले होते.

कॉल आला तेव्हा ती परीक्षेच्याच मशीनवर बसली होती. मी शेजारी खुर्ची ओढून बसले, ओठ घट्ट मिटून, कारण तिने मला तशी ताकीदच दिली होती. तोच परीक्षक होता. आवाज चांगला होता माणसाचा, उगाच वाईट कशाला म्हणू. त्याला लवकर आटपायचं होतं एवढंच.

"नेटवर्कचा प्रॉब्लेम होता ना त्या दिवशी?"

"नाई सर."

"म्हणजे? तुम्ही भामरागडच्या ना?"

"गाव भामरागडकडे हाये. परीक्षेले चंद्रपुरात बसली होती. नेटवर्क सुरू होतं." आणि मग तिने एकेक पायरी सांगितली. सर्व्हरचं नाव सापडलं. पोर्टपर्यंत पोचलं. सर्व्हरने उत्तर दिलं आणि नकार दिला. नंबर अमुक. मेसेज अमुक. कुठे अडखळली नाही, आवाज चढवला नाही.

तो जरा चिडला. "मग त्या दिवशी हो का म्हणालात?"

मला वाटलं, ती पुन्हा खाली बघणार.

"तुम्ही लवकर जावं म्हणून, सर," ती म्हणाली. "आमच्या गावी साहेब येते. दवाखाना सुरू हाये ना, मास्तर येते ना, विचारते. हो म्हटलं का त्याची गाडी जाते. नाई म्हटलं का तो दिवसभर बसवून ठेवते, लिहून घेते, अन् दवाखाना तर बंदच राह्यते. म्हणून आम्ही हो म्हणतो."

मग तो हळू म्हणाला, "थांबा." त्याने कुणाला तरी हाक मारली, काहीतरी बोलणं झालं, बटणं दाबल्याचा आवाज आला. कॉलच्या आधी ओतलेला माझा चहासुद्धा अजून गरम होता.

"आता करून बघा."

तिने बटण दाबलं. कनेक्ट झालं.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचं. एवढंसं काम होतं! यादीत एक नंबर घालायचा होता, आणि तो घालण्यापेक्षा एक अख्खं गाव दोषी धरणं यांना सोपं वाटलं. मी हेडफोन हिसकावून त्याला बरंच काही ऐकवणार होते. तिने माझा हात दाबून धरला.

"सर," ती माइकमध्ये म्हणाली, "फेरपरीक्षेची तारीख नको. पेपर आत्ताच घ्या. मी बसली हावो."